आधी काम, मग देश

नागपूरहून निघून जामच्या चौकात हैदराबादचा हमरस्ता सोडला, की समुद्रपूरवरून गिरडकडे जाणारा रस्ता लागतो. दोन्ही अंगांना कपाशी, तूर, सोयाबीन. पुढे दिसते ती शेख फरीदबाबांच्या दर्ग्याची टेकडी. हिंदू आणि मुसलमान दोघेही इथे नवस बोलायला येतात. टेकडीवर नारळ-सुपारीच्या घाटाचे गोल दगड सापडतात. जाणकार सांगतात की हे झिओलाइट नावाचे खनिज आहे. गावातली माणसे वेगळे सांगतात. माल घेऊन निघालेल्या व्यापाऱ्यांनी फकिराची थट्टा केली आणि त्यांच्या मालाचे दगड झाले! इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरातही ही कथा नोंदलेली आहे.

बँकेच्या नोकरीत असताना नव्वदीच्या सुरुवातीला मी या भागात काही वर्षे काढली. पीककर्जाच्या पाहणीला मोटारसायकलवरून हिंडताना ही टेकडी कुठून ना कुठून दिसायचीच. तेव्हापासूनचे एक खातेदार आहेत. आता ऐंशीच्या घरात आले. निवृत्तीनंतर मी नागपूरला स्थायिक झालो, कादंबऱ्या लिहू लागलो. पण त्यांचा दिवाळीचा निरोप कधी चुकला नाही. गेल्या वर्षी मात्र निरोप वेगळा आला : "साहेब, एक डाव गिरडले या. कागद दाखवाचा हाये."

कागद त्यांच्या नातीचा होता. पोरगी दुग्ध तंत्रज्ञानाच्या पदवीच्या तिसऱ्या वर्षाला. या अभ्यासक्रमात शेवटच्या वर्षी काही महिने प्रत्यक्ष दूधप्रकल्पात काम करावे लागते. तिच्या मनात आले, की हे काम युरोपात करावे. दूध, चीज, लोणी ही तर तिकडचीच विद्या. शहरातल्या एका एजंटाने तिला गुळगुळीत कागदावरचे माहितीपत्रक दिले होते. त्यावर सहा देशांची निशाणे छापलेली. 'आपला देश निवडा' असे मोठ्या अक्षरांत आणि शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत रक्कम : साडेपाच लाख रुपये.

"साहेब, तुमाले कागद समजतो," आजोबा म्हणाले. "इले कोन्या देशात धाडू थे सांगा. दोन एकर काढाचा इचार हाये."

दोन एकर काढायचे म्हणजे विकायचे. मी ओसरीवर बसलो होतो, हातात चहाची कपबशी होती, आणि मला एकदम तीस वर्षांपूर्वीची एक सही आठवली.

सही माझीच होती. १९९४ साली याच घरातला धाकटा मुलगा, म्हणजे या मुलीचा काका, 'हॉटेल ट्रेनिंग'साठी युरोपातल्या एका बेटावर गेला होता. एजंटाला द्यायला तीन एकर विकले. विकण्याआधी बँकेचे देणे बाकी नसल्याचा बेबाकीचा दाखला लागतो, तो मी दिला. कर्ज फिटलेले होते, दाखला नाकारायचे कारणच नव्हते. पण "कुठे चालला, काय शिकणार, पगार किती?" एवढे तीन प्रश्न मी विचारू शकलो असतो. विचारले नाहीत. मुलगा चार महिन्यांनी परत आला. बटाटे सोलणे आणि भांडी घासणे हेच ट्रेनिंग निघाले. पगार पहिल्या महिन्यात मिळाला, नंतर 'खर्चात वळता' झाला. भाषा येत नसल्याने विचारणार कुणाला? आता तो दर्ग्याच्या वाटेवर चहा-नाश्त्याचे दुकान चालवतो. मला त्याने कधीच दोष दिला नाही. तेच जास्त लागते.

म्हणून या वेळी मी म्हटले, "भाऊ, देशाचे नंतर पाहू. आधी मला सांगा, या व्यवहारात पैसे कोण कुणाला देणार?"

बँकेत सगळ्यात आधी आम्हाला हेच शिकवले जायचे. व्यवहार कितीही गुंतागुंतीचा असो, नोट कुठून निघाली आणि कुठे पोचली ते पाहा. नोकर पगार घेतो, विद्यार्थी फी देतो. काम शिकणारा विद्यार्थी या दोहोंच्या मधे उभा असतो. तो काम करतो म्हणून मालकाने त्याला काहीतरी द्यावे, आणि तो शिकतो म्हणून मालकाने शिकवावे. पण काम करणाऱ्यानेच काम मिळण्यासाठी लाखो रुपये मोजावेत, हा व्यवहार कुठल्याच खतावणीत बसत नाही.

आपल्याकडे १९८३ चा उत्प्रवास कायदा आहे. परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्या एजंटाला त्याखाली सरकारकडे नोंदणी करावी लागते, आणि नियमांनी त्याच्या सेवाशुल्कावर तीस हजार रुपये अधिक कर अशी मर्यादा घातलेली आहे. साडेपाच लाखवाले चतुर असतात. ते नोकरी देत नाहीत, 'शैक्षणिक सल्ला' देतात. सल्ल्याला मर्यादा नसते. नोंदणी क्रमांक मुलीने फोनवर विचारला, तर पलीकडून उत्तर आले, "मॅडम, आमचे काम वेगळ्या प्रकारचे आहे." वेगळ्या प्रकारचे म्हणजे कोणत्या, ते काही कळले नाही.

मग आम्ही माहितीपत्रक बाजूला ठेवले आणि एका वहीच्या पानावर तीन रकाने आखले : काम, भाषा, पैसा. देशांची नावे डाव्या अंगाला. मुलगी हुशार, तिने चार दिवस फोनवर वाचून काढले, मी माझ्या ओळखीच्या दोन-तीन निवृत्त अधिकाऱ्यांना विचारले. त्यातून जे हाती आले ते इतर घरांनाही उपयोगी पडेल म्हणून इथे सांगतो.

पहिली गोष्ट अशी, की 'युरोपचा व्हिसा' म्हणून जे आपण बोलतो ते बहुधा शेंगेन व्हिसाबद्दल असते. शेंगेन हे लक्झेंबर्गमधले एक लहानसे गाव, आपल्या गिरडसारखेच. १९८५ साली तिथे करार झाला म्हणून त्याचे नाव जगभर गेले. आज २९ देश त्यात आहेत. पण त्या व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस फिरता येते. काम करता येत नाही. कामाची परवानगी प्रत्येक देश आपापली देतो. 'आत्ता टुरिस्ट व्हिसावर जा, तिकडे गेल्यावर बदलून घेऊ' असे कुणी म्हणाले, तर चहा पाजून वाटेला लावावे.

आता देश. आयर्लंडचे नाव मुलीने सगळ्यात वर लिहिले होते, कारण तिथे इंग्रजी चालते. दुधाचाही देश आहे. १८८९ साली लिमरिक परगण्यात तिथली पहिली सहकारी क्रीमरी निघाली. परदेशातल्या विद्यापीठात शिकणाऱ्या विद्यार्थ्यासाठी तिथे खास परवाना आहे, बारा महिन्यांपर्यंतचा. मात्र काम सरकारने ठरवलेल्या दुर्मीळ कौशल्यांच्या यादीतले असावे लागते. दूधप्रकल्पातल्या शिकाऊ मुलीचे काम त्या यादीत बसवायचे म्हणजे ओढाताण. भाषेच्या रकान्यात बरोबरची खूण आणि कामाच्या रकान्यात प्रश्नचिन्ह, असे आयर्लंडचे झाले.

फ्रान्सची गोष्ट बँकवाल्याला आवडावी अशी. तिथे विद्यार्थी, त्याचे कॉलेज आणि कंपनी अशा तिघांच्या सह्यांचा करार लागतो. काय शिकवणार, कोण शिकवणार, किती तास, हे त्यात लिहावे लागते. प्रशिक्षण दोन महिन्यांपेक्षा जास्त असेल, तर विद्यार्थ्याला मोबदला देणे कायद्याने बंधनकारक आहे. एका शैक्षणिक वर्षात एकाच ठिकाणी सहा महिन्यांपलीकडे त्याला राबवताही येत नाही. पैशाच्या रकान्यात इतकी स्वच्छ नोंद दुसऱ्या कुणाची नव्हती. अडचण भाषेची. फ्रेंचचा एक शब्द मुलीला येत नव्हता.

डेन्मार्कचे नाव आजोबांनी सुचवले, याचे मला आश्चर्य वाटले. त्यांनी कुठेतरी ऐकले होते, की सहकारी दूधसंस्था तिकडून आल्या. खरेच आहे. १८८२ साली जटलंडमधल्या येडिंग या खेड्यात शेतकऱ्यांनी पहिली सहकारी डेअरी काढली. आणखी एक गंमत मी त्यांना सांगितली. १९३८ साली मुंबईत लार्सन आणि टुब्रो या दोन डॅनिश इंजिनिअरांनी कंपनी काढली, तेव्हा त्यांचा सुरुवातीचा धंदा डेन्मार्कची दूध-यंत्रे विकण्याचा होता. तेव्हा यंत्रांबरोबर माणसे इकडे आली. आता आपली पोर यंत्रे पाहायला तिकडे निघाली. आजोबा हसले, म्हणाले, "मंग उधारी फेडाले चालली म्हना."

जर्मनीबद्दल दोन गोष्टींची गल्लत सर्रास होते, आणि एजंट ती मुद्दाम वाढवतात. एक असते 'आउसबिल्डुंग'. दोन ते साडेतीन वर्षांचे पूर्ण व्यावसायिक शिक्षण. आठवड्यात काही दिवस कारखान्यात, काही दिवस शाळेत, मालकाशी करार आणि दरमहा भत्ता. दुसरे असते 'प्राक्टिकुम', म्हणजे कॉलेजात शिकत असताना काही महिन्यांचे काम. आपल्या मुलीला हवे होते ते दुसरे. परदेशी विद्यापीठातल्या विद्यार्थ्याला निदान चार सत्रे पूर्ण झाल्यावर, आपल्या विषयाशी संबंधित काम बारा महिन्यांपर्यंत तिथे करता येते. त्याला तिथल्या रोजगार संस्थेची संमती लागते. तिची चार सत्रे झाली होती, विषय जुळत होता.

पण इथेही एक खाच आहे. जर्मनीत २०१५ पासून किमान वेतनाचा कायदा आहे, तरी अभ्यासक्रमात सक्तीच्या असलेल्या प्रशिक्षणाला तो लागू होत नाही. म्हणजे कंपनीने पैसे द्यायलाच हवेत असे नाही. पुष्कळ कंपन्या देतात, काही देत नाहीत. तेव्हा आधी विचारायचे आणि लेखी घ्यायचे. विचारताना हातात माप असावे म्हणून एक आकडा वहीत लिहून ठेवला : परदेशी विद्यार्थ्याच्या राहण्याखाण्यासाठी जर्मनीने सप्टेंबर २०२४ पासून महिन्याला ९९२ युरो धरले आहेत. भत्ता त्याच्या जवळपास असेल, तर दोन एकर शाबूत राहतात.

मधल्या काळात गावात जर्मनीचे वारे वाहतच होते. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी दहा हजार कुशल कामगार पाठवण्याचा करार केला, तेव्हापासून पारावर नर्स, वीजतंत्री, नळकारागीर यांच्या पगाराचे हिशेब चालू असतात. युरोचा भाव ज्याला त्याला तोंडपाठ. पगार गुणिले शंभर केले, की आकडा डोळे दिपवतो. पण तिकडचे घरभाडेही शंभरानेच गुणावे लागते, हे कुणी लक्षात घेत नाही. आणि तो करार नोकरीचा आहे, विद्यार्थ्याच्या प्रशिक्षणाचा नव्हे, एवढे मी पारावर सांगून आलो.

आता काम या रकान्याबद्दल. ते शिक्षण कसे असते, हे सांगायला वर्ध्याइतकी योग्य जागा नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींनी वर्ध्याला शिक्षण परिषद भरवली. हाताने काम करता करता शिकावे, ही नई तालीमची कल्पना तिथे मांडली गेली. आराखडा करण्याची जबाबदारी ज्या समितीवर होती, तिचे अध्यक्ष होते डॉ. झाकिर हुसेन, पुढे राष्ट्रपती झाले ते. त्यांनी डॉक्टरेट बर्लिनला केली होती. म्युनिकच्या शाळांचा कारभार पाहणारे केर्शेनश्टायनर यांच्या 'कामाच्या शाळे'च्या विचाराचा त्यांच्यावर प्रभाव होता. आजच्या जर्मन आउसबिल्डुंगची मुळे ज्या विचारात आहेत, त्यातलाच एक धागा सेवाग्रामच्या सुतापर्यंत आला होता! आपण मात्र कामाला शिक्षण मानायला तयार झालो नाही. वर्ध्याने जे सांगितले ते वर्ध्याच्या पोरांनी शिकायला म्युनिककडे जावे, हा काळाचा विनोद म्हणायचा.

या निकषावर पाहिले, तर देशापेक्षा जागा महत्त्वाची ठरते. प्रचंड कारखान्यात सहा महिने डब्यांवर लेबले चिकटवून येणारा विद्यार्थी युरोपात राहून येतो, शिकून येत नाही. मुलीला मी विचारले, "परत आल्यावर काय करणार?" ती थोडी लाजली. मग म्हणाली, "आबाजी, वर्ध्याचा गोरसपाक कसा सगळीकडे जातो? आपल्या गवळाऊ गाईच्या दुधाचं असं काहीतरी करायचं आहे. थोड्या दुधाचं, पण टिकणारं." गवळाऊ ही आमच्या वर्धा जिल्ह्याचीच जात, पांढरी, काटक. एवढे ऐकल्यावर निम्मा प्रश्न सुटला. तिला लहान डेअरी हवी होती, जिथे दूध आत येण्यापासून चीज बाहेर पडेपर्यंत सगळे एका माणसाला पाहता येईल.

तिकडचे जसेच्या तसे इकडे चालेल असे नाही, हेही तिला सांगितले. म्हशीच्या दुधाची भुकटी होणार नाही, असे परदेशी तज्ज्ञ एकेकाळी ठासून सांगत. आणंदला कुरियन आणि दलाया यांनी ती करून दाखवली आणि १९५५ साली कारखाना उभा राहिला. दोघेही अमेरिकेत शिकलेले होते. पण तिकडे शिकून आले आणि इकडे डोळे उघडे ठेवले, म्हणून जमले.

वहीचे पान भरले. सल्लागार कुणी नव्हता. मुलीने स्वतः पत्रे लिहायला घेतली. लहान डेअऱ्या शोधून जर्मनी, फ्रान्स, डेन्मार्क, हॉलंड अशा चार देशांत चाळीसेक पत्रे गेली. बहुतेकांनी उत्तरच दिले नाही. डेन्मार्कहून दोन नकार आले, फार सभ्य भाषेत. फ्रान्समधल्या एका जागेने विचारले, फ्रेंच किती येते? जर्मनीच्या दक्षिणेकडच्या एका चीज करणाऱ्या डेअरीने मात्र फोनवर बोलायची वेळ दिली. मुलीने तोवर वसतिगृहात बसून ऑनलाइन जर्मन शिकायला सुरुवात केली होती. पहिली परीक्षाही झाली होती. तिने मोडक्या जर्मनमध्ये चार वाक्ये म्हटली आणि पलीकडच्या बाई हसून इंग्रजीत बोलू लागल्या. सहा महिने, राहायला खोली, आणि महिन्याला काही भत्ता. खोली धरून ९९२ च्या मापाला तो जवळपास उतरत होता. म्हणजे देश आम्ही निवडलाच नाही. काम निवडले, आणि त्याच्या मागोमाग देश आला.

घरचा खर्च राहिला तो विमानाचे तिकीट, विमा, व्हिसा आणि भाषेच्या परीक्षा यांचा. माझ्याकडे कर्जाची चौकशी झाली. शैक्षणिक कर्जाची आदर्श योजना २००१ साली आली. अभ्यासक्रमाच्या फीसाठी ती चांगली आहे. पण साडेपाच लाखांच्या सल्ल्यासाठी ती नाही, आणि तारण म्हणून शेत हा तर शेवटचा मार्ग. पंजाबराव देशमुखांच्या विलायतेतल्या शिक्षणापायी घरची शेती गहाण पडली होती, ही हकिकत विदर्भात घरोघर सांगितली जाते, आणि तिचा दाखला देऊन पुष्कळ शेते विकली जातात. पण पंजाबराव एक होते, आणि ते विद्या घ्यायला गेले होते. एजंटाचे पॅकेज घ्यायला नव्हे. आजोबांनी एक मुदत ठेव मोडली. सातबारा कपाटातून बाहेर आला नाही.

परवा पुन्हा गिरडला गेलो होतो. करार सह्या होऊन आला आहे, कागद संमतीसाठी तिकडे गेले आहेत, व्हिसाची तारीख यायची आहे. अजून काहीही होऊ शकते. तरी गमावण्यासारखे आता फारसे नाही, याचेच मला समाधान. मुलगी सुट्टीत घरी होती. आम्ही सगळे काकाच्या दुकानात बसलो. जर्मनचे पुस्तक तिथेच टेबलावर, त्यावर चहाचा गोल डाग. काका पुसत होता, विळीवर कांदा चिरत होता, ऐकत होता. 'माझे नाव अमुक', 'मी भारतातून आले', 'हवा छान आहे' असे धडे चालले होते.

काकाने हातातली विळी बाजूला ठेवली.

"हे सारं ठीक हाये," तो म्हणाला. "पन 'माया पगार कवा भेटनार?' असं त्याईच्या भाषेत कसं म्हनतात? पयले थे शिक."

मुलीने पाने चाळली. पुस्तकात ते वाक्य नव्हते. मग तिने फोनवर शोधले, तीनदा मोठ्याने म्हणून पाहिले आणि वहीच्या त्या तीन रकान्यांच्या पानावर सगळ्यात वर लिहून ठेवले. काका मागून वाकून पाहत होता. त्याने ते जर्मन वाक्य हळूच ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिले. तीस वर्षे उशिरा का होईना.